कोलिस्टिन रेझिस्टंट म्हणजे जंतू नेमकं काय बदलतो?

तुम्ही लिहिलंय की मामा सांगलीत आयसीयूत आहेत, कल्चरमध्ये (नमुन्यातले जंतू वाढवून बघायच्या टेस्टमध्ये) क्लेब्सिएला हा जंतू आलाय, कोलिस्टिन या अँटिबायोटिकपुढे ‘आर’ (रेझिस्टंट, म्हणजे औषधाला दाद न देणारा) आहे आणि डॉक्टर ‘जंतूनं कातडी बदललीय’ एवढंच बोलून पुढच्या पेशंटकडे गेले. मी मिरजेत मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये काम करतो. डॉक्टर घाईत बोलले असतील, पण बोलले ते बरोबर आहे.

बऱ्याच अँटिबायोटिकांना जंतू फोडून टाकतो, नाहीतर पंपानं बाहेर फेकतो. कोलिस्टिनला मात्र तो सहसा हातही लावत नाही. औषध धडधाकट राहतं, फक्त त्याला चिकटायला जागा मिळत नाही.

क्लेब्सिएलाच्या बाहेरच्या आवरणात लिपिड ए नावाचा मेद असतो. त्यावर दोन फॉस्फेट, म्हणजे ऋण भार. हे भार एकमेकांना ढकलतात म्हणून मध्ये मॅग्नेशियम आणि कॅल्शियम बसलेले असतात; आवरण एकसंध राहतं ते त्यांच्यामुळे. कोलिस्टिनच्या रेणूवर पाच धन भार आणि एक तेलकट शेपटी असते. धन भार फॉस्फेटला धरतात, मॅग्नेशियमला हुसकावतात, मागोमाग शेपटी आत घुसते आणि आवरण फाटतं.

यावर जंतू त्या फॉस्फेटला एक छोटा तुकडा जोडतो: ॲमिनोअरॅबिनोज ही साखर किंवा फॉस्फोइथेनॉलअमाइन. दोन्हींवर धन भार असतो. ऋण भार झाकला गेला की कोलिस्टिनची पकडच बसत नाही. ही यंत्रणा क्लेब्सिएलाकडे आधीपासूनच असते, एरवी बंद ठेवलेली. तिला दाबून ठेवणारं एमजीआरबी हे प्रथिन जेमतेम 47 अमिनो आम्लांचं. इकडून तिकडे उड्या मारणारा डीएनएचा एखादा तुकडा त्या जनुकात येऊन बसला की दाब सुटतो आणि जोडकाम अखंड सुरू. प्रोटियस हा दुसरा जंतू तर जन्मजातच असा, त्याच्यावर कोलिस्टिन कधीच चालत नाही. ॲसिनेटोबॅक्टर या जंतूची तऱ्हा आणखी वेगळी: काही वेळा तो लिपिड ए बनवणंच सोडून देतो. आणि ज्याला बाहेरचं आवरणच नाही तो स्टॅफिलोकोकस? तो आतल्या पटलाच्या मेदाला लायसिन जोडतो आणि डॅप्टोमायसिन या अँटिबायोटिकला दूर ठेवतो. हिशेब तोच, भाराचा.

‘चिकन खाऊन झालं का?’ असंही तुम्ही विचारलंय. 2015 साली चीनमध्ये कोलिस्टिनला दाद न देण्याचं एमसीआर-1 हे जनुक सापडलं. ते प्लाझमिडवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या कड्यावर असतं, त्यामुळे एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातं. जनावरांच्या खाद्यातल्या कोलिस्टिनवर तेव्हा बोट ठेवलं गेलं. भारत सरकारनं जुलै 2019 मध्ये पोल्ट्री, मत्स्यपालन आणि पशुखाद्यात कोलिस्टिनवर बंदी घातली. उशिराच घातली, असं माझं मत. पण आयसीयूतल्या क्लेब्सिएलात बहुतेकदा एमजीआरबीचाच घोळ निघतो, तेव्हा मामांच्या ताटातलं चिकन शोधत बसू नका.

त्यापेक्षा रिपोर्ट नीट बघा. कोलिस्टिनचा रेणू मोठा, अगारमध्ये (जंतू वाढवायच्या जेलीत) नीट पसरत नाही. अगारवर औषधाची कागदी डिस्क लावली तर तिच्याभोवतीचं जंतू न वाढलेलं वर्तुळ दाद देणाऱ्या आणि न देणाऱ्या जंतूत जवळजवळ सारखंच दिसतं, एखाददोन मिलिमीटरचा फरक. म्हणून ही टेस्ट ब्रॉथ मायक्रोडायल्यूशननंच करायची असते: 96 खाचांची प्लेट, प्रत्येक खाचेत औषधाचं प्रमाण दुप्पट होत जातं, रात्रभर 35 अंशांना ठेवायची आणि सकाळी तळाशी वाढलेल्या जंतूंचं पांढरं बटण कुठपर्यंत दिसतं ते वाचायचं. (कोलिस्टिन प्लास्टिकलाही चिकटतं, त्यामुळे प्लेट कसली वापरली यानंसुद्धा आकडा हलतो. वैताग असतो नुसता.) रिपोर्टवर एमआयसीचा (जंतूची वाढ थांबवणाऱ्या औषधाच्या किमान प्रमाणाचा) आकडा 4 किंवा जास्त असेल तर ‘आर’ खरा धरा. आकडाच नसेल तर टेस्ट कुठल्या पद्धतीनं केली ते लॅबला विचारा. डिस्क असेल तर त्याच जंतूवर पुन्हा करून मागा. लॅबकडे तो सहसा काही दिवस जपून ठेवलेला असतो.

आणि कोलिस्टिन गेलं म्हणून बाकीची औषधं आपोआप बाद होत नाहीत. सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टम आणि ॲझट्रिओनाम ही अँटिबायोटिकं पेशीभित्तीवर काम करतात, लिपिड एच्या भाराशी त्यांचं देणंघेणं नाही. या औषधांची टेस्ट झालीय का, हे उद्याच्या राउंडला डॉक्टरांना विचारा.