आधी उश्माल, मग समुद्र

प्रश्न : आमची मुलगी टेक्सासला असते. मे महिन्यात आम्ही दोघं तिच्याकडे जाणार आहोत. तेव्हा तिघांनी मेक्सिकोत आठ-नऊ दिवस गाडीने फिरायचं घाटतंय. मला माया लोकांची प्राचीन शहरं बघायचीत, यांना आणि लेकीला समुद्र हवाय. सगळे म्हणतात, कानकूनला राहा आणि एका दिवसात चिचेन इत्सा उरकून या. माझे गुडघे कुरकुरतात, आणि आम्ही तिघंही शाकाहारी. कसं जमवावं, ताई?

उत्तर : ‘उरकून या’ हा सल्ला मुळीच ऐकू नका. कानकूनला विमानतळावर गाडी घ्या आणि समुद्राकडे पाठ करून थेट वायादोलिद गाठा. साधारण १६० किलोमीटर. मुक्काम तिथे. चिचेन इत्सा तिथून पाऊण तासावर. आठला दार उघडताना तुम्ही दारात असाल, तर कानकूनच्या बसगाड्या येण्याआधीचे दोन तास तुमचे. मे महिन्यात त्या भागात पारा चाळिशीला टेकतो, त्यामुळे बघायचं ते सकाळीच.

चिचेनला गुडघ्यांची काळजी नको. तिथल्या कुकुल्कान या सर्पदेवाच्या पिरॅमिडवर आता कुणालाच चढू देत नाहीत. चारही बाजूंना प्रत्येकी ९१ पायऱ्या आणि वरचा चौथरा मिळून ३६५, म्हणजे वर्षाचे दिवस. पायथ्याशी जिन्यासमोर उभं राहून एक टाळी वाजवा. परत येतो तो टाळीचा आवाज नसतो, पाखराने चिवचिवावं तसा असतो. आणि हो, तिकीट दोन भागांत असतं, केंद्राचं वेगळं आणि राज्याचं वेगळं. पेसो, म्हणजे तिथलं चलन, जवळ ठेवा.

पण माझा जीव आहे तो उश्मालवर, माया लोकांच्याच आणखी एका प्राचीन शहरावर. मेरिदा शहराच्या दक्षिणेला, गाडीने तास-सव्वा तास. युकातान हा सगळा चुनखडीचा प्रदेश. पाऊस पडला की पाणी झिरपून खाली जातं, वर नदी उरत नाही. उत्तरेत निदान जमीन खचून तयार झालेले सेनोते, म्हणजे नैसर्गिक विहिरी आहेत. उश्मालला तेही नाहीत. तिथल्या लोकांनी जमिनीत सुरईच्या आकाराची टाकी खोदली, आतून गिलावा केला आणि पावसाचा थेंब न् थेंब साठवला. या टाक्यांना चुल्तून म्हणतात. हे कळलं की भिंतींवर जागोजागी पर्जन्यदेव चाक का आहे, ते वेगळं सांगावं लागत नाही. चौसोपी वास्तूच्या कोपऱ्यापाशी थांबून त्याचं एक तोंड नीट बघा. डोळा, भुवई, दात, कान, प्रत्येक तुकडा वेगळा घडवून शेजारी शेजारी बसवलेला, आणि सोंडेसारखं वळलेलं नाक भिंतीतून बाहेर आलेलं. अशी तोंडं एकावर एक रचलीत. मी त्या एका कोपऱ्याशी सबंध सकाळ काढलेली आहे आणि पुन्हा काढेन. राज्यपालाच्या महालाचा चौथरा उंच आहे, तो लेकीला चढू दे. तुम्ही चौकात सावली धरून बसा.

वाटाड्या तिथल्याच गावातला घ्या. माया लोक नाहीसे झाले, असं लिहिलेलं वाचलं की मला फार वाईट वाटतं. लाखो माणसं आजही घरात माया भाषाच बोलतात, शेतात मका लावतात. रस्त्यात तुम्हाला तीच भेटणार आहेत.

गाडीचं म्हणाल तर नेटवर दिसणाऱ्या दराला भुलू नका. तिसऱ्या पक्षाचा विमा तिथे सक्तीचा आहे आणि त्याचे पैसे बहुतेकदा खिडकीवर गेल्यावर त्या दरात वाढतात. सगळं धरून एकूण किती, ते आधी लेखी मागवा. पेट्रोल भरताना मीटर शून्यावर आहे ना, बघा. अंधार पडल्यावर गाडी हाकू नका. प्रत्येक गावाच्या तोंडाशी ‘तोपे’, म्हणजे उंच गतिरोधक असतात आणि रात्री ते दिसतच नाहीत. दिवसा मात्र त्याच तोपेपाशी बायका सोललेली संत्री पिशवीत घालून तिखट-मीठ लावून विकतात. जरूर घ्या. अमेरिकेचा वैध व्हिसा असला की मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. फक्त तो बहुप्रवेशी हवा, कारण परत टेक्सासला जायचंय.

जेवणात काळा घेवडा सगळीकडे मिळतो, पण तो पुष्कळदा डुकराच्या चरबीत परततात. ‘सिन मान्तेका’, म्हणजे चरबीशिवाय, असं सांगून मागवा. सिकिल पाक बिनधास्त खा. भाजलेल्या भोपळ्याच्या बिया आणि टोमॅटो वाटून केलेली ती चटणी मक्याच्या भाकरीबरोबर फार छान लागते.

आता यांचा समुद्र. मेमध्ये कानकूनकडच्या किनाऱ्यावर सारगासम नावाचं तपकिरी शेवाळ ढिगांनी वाहून येतं, कुजतं, वास मारतं. याच किनाऱ्यावरच्या तुलुमचे फोटो बघून तिथे चार रात्रींचे पैसे भरून ठेवू नका. कड्यावरचं तटबंदीचं प्राचीन तुलुम सकाळी बघा आणि पुढे निघा. पोहायला कोसुमेल बेटाचा पश्चिम किनारा किंवा इस्ला मुहेरेसचं उत्तर टोक, तिथे शेवाळाचा त्रास बराच कमी. कोसुमेलची प्रवासी बोट प्लाया देल कार्मेनहून सुटते. गाडी तिथेच वाहनतळावर लावा. आणि लक्षात ठेवा, कानकून ज्या किन्ताना रो राज्यात आहे, तिथलं घड्याळ युकातान राज्याच्या एक तास पुढे असतं. परतीचं विमान त्या घड्याळाने सुटतं.