एचटीएमएल आणि सीएसएस नव्याने शिकताना कोणत्या सवयी सुरुवातीपासून लावून घ्याव्यात?

दोन महिन्यांच्या अभ्यासानंतर पाने दिसायला ठीक होतात, परंतु जुना कोड पुन्हा उघडला की कुठे हात घालावा हे कळत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. माझ्या अनुभवात या गोंधळाचे मूळ बहुतेक वेळा पानाचे रूप ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये नसून पानाची रचना सांगणाऱ्या एचटीएमएलमध्ये असते. म्हणून सीएसएसची एकही ओळ लिहिण्यापूर्वी संपूर्ण पान नुसत्या एचटीएमएलमध्ये लिहावे आणि ब्राउझरमध्ये वरपासून खालपर्यंत वाचून पाहावे. रंगरंगोटीविना ते क्रमाने समजत नसेल, तर सीएसएसने ते फक्त झाकले जाईल.

मी स्वतः हे उशिरा शिकलो. एका संस्थेचा नोंदणी फॉर्म करताना मी ‘पाठवा’ हे बटण चक्क डिव्हचे, म्हणजे स्वतःचा काही अर्थ नसलेल्या साध्या चौकटीच्या टॅगचे केले होते. ते हुबेहूब बटणासारखे दिसत होते आणि माउसने चालतही होते. स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरणाऱ्या एका अंध अर्जदाराला मात्र फॉर्म पाठवताच येईना, कारण टॅब कळ दाबत गेले तरी साध्या डिव्हवर फोकस (कळफलकाने होणारी निवड) येत नाही आणि ते बटण आहे हे स्क्रीन रीडरला कळण्याचा काही मार्गही नसतो. बटणाचा टॅग वापरला असता, तर फोकस आणि एंटर-स्पेस कळांना मिळणारा प्रतिसाद ब्राउझरने आपणहून पुरवला असता. तेव्हापासून मी दुसऱ्या पानावर नेणारी ती लिंक आणि आहे तिथेच काही क्रिया करणारे ते बटण, असा भेद पाळतो. प्रत्येक इनपुटला लेबलही जोडावे. प्लेसहोल्डरवर, म्हणजे रकान्यातल्या फिकट सूचनेवर भागवू नये, कारण टाइप करू लागताच तो नाहीसा होतो. हेडिंगचा टॅग मजकुराच्या पातळीनुसार निवडावा, अक्षराच्या आकारासाठी नव्हे.

पान मराठीत असेल तर आणखी काही पथ्ये आहेत, जी इंग्रजी धड्यांत सहसा सापडत नाहीत. कॅरेक्टर सेट (अक्षरे साठवण्याची पद्धत) यूटीएफ-८ असल्याचे हेडमध्ये अगदी सुरुवातीला लिहावे आणि एचटीएमएलच्या टॅगवर भाषा मराठी असल्याचे नोंदवावे. ती नोंद असली, की ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ वेगळे दिलेले आहेत, तिथे ब्राउझर ती अक्षरे वापरू शकतो. स्क्रीन रीडरलाही उच्चार कोणत्या भाषेचे करायचे ते कळते. अक्षरांमधील अंतर वाढवणारा लेटर-स्पेसिंगचा नियम देवनागरीला लावू नये, कारण त्याने शिरोरेषा तुटते. ओळींची उंची मी साधारण १.६ ठेवतो, आणि तीही पिक्सेलमध्ये न देता नुसत्या आकड्यात, म्हणजे फॉन्ट मोठा केला तरी वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर आदळत नाही.

सीएसएसमध्ये नियम शक्यतो क्लासवर, म्हणजे अनेक घटकांना देता येणाऱ्या नावावर लिहावेत. आयडीवरचा (एकाच घटकाच्या नावावरचा) एक नियम कितीही क्लासच्या नियमांना भारी पडतो, मग त्याच्यावर मात करायला आपण इम्पॉर्टंट हा बाकी नियमांना डावलणारा शेरा लावतो आणि पुढच्या वेळी त्यावर आणखी एक. क्लासचे नाव रंगावरून न ठेवता कामावरून ठेवावे, ‘लाल’ऐवजी ‘इशारा’. बॉक्स-सायझिंग पहिल्याच ओळींत बॉर्डर-बॉक्स करावे, म्हणजे पॅडिंग (आतली मोकळी जागा) आणि बॉर्डर दिलेल्या रुंदीतच धरली जाते; अन्यथा ३०० पिक्सेल रुंदीच्या चौकटीला सर्व बाजूंनी २० चे पॅडिंग आणि १ ची बॉर्डर दिली, की ती ३४२ पिक्सेल जागा व्यापते. मोबाइलच्या रुंदीनुसार पान बसवणारा व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग तर विसरूच नये.

शेवटी पान वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्या व्हॅलिडेटरमधून (चुका शोधणाऱ्या साधनातून) तपासावे. चुकांची लांबलचक यादी आली तर घाबरू नये. केवळ पहिली चूक दुरुस्त करून पुन्हा तपासावे, कारण न मिटलेल्या एका टॅगमुळे त्याखालच्या अनेक चुका दाखवल्या गेलेल्या असू शकतात.