ड ला दांडीच नाही

प्रिय मुली,

तुझा परवाचा मेसेज दोनदा वाचला आणि फोटो तर किती वेळ बघत बसले. अडतीस मुलांची अडतीस फुलपाखरं, भिंत भरून गेलीय, आणि खाली तू लिहिलंयस की मावशी, मुलं खूश आहेत पण वाचन जिथल्या तिथेच, आणि हेडमॅडम म्हणतात की क्राफ्टचा तास शुक्रवारी असतो, भाषेच्या तासाला पुस्तक उघडा. तुला माझं मत हवंय तर सांगते, हेडमॅडमचं मला पटत नाही, पण तुझ्या फुलपाखरांतही एक गोष्ट राहून गेलीय. ते पूर्ण करायला एकाही मुलाला एकही शब्द लागला नाही.

मला हे लगेच दिसलं कारण मी स्वतः तसंच करायचे. नवीन होते तेव्हा ‘आ’ शिकवताना सगळ्यांकडून पिवळ्या घोटीव कागदाचे आंबे करून घेतले होते, एका मुलाचा आंबा इतका सुरेख झाला की तो ऑफिसच्या बाहेर लावला, आणि वर्ष संपत आलं तेव्हा कळलं की त्याला ‘आंबा’ हा शब्द वाचताच येत नाही. मी त्याचं वर्ष घालवलं गं, आजही त्याचा चेहरा आठवला की वाईट वाटतं. म्हणून तुला एकच गोष्ट कळकळीने सांगायचीय, वस्तू अशी निवड की ती बनवताना नाहीतर वापरताना वाचल्या-लिहिल्याशिवाय गाडी पुढे जायलाच नको.

आता म्हणशील म्हणजे काय करू. जोडाक्षरांपासून सुरुवात कर, कारण दुसरीत मुलं तिथेच अडकतात आणि आपण फळ्यावर दहादा लिहून देण्यापलीकडे काही करत नाही. खोक्यांचा पुठ्ठा घे, त्यावर तळहाताएवढी अक्षरं मोठी मोठी काढ आणि कापून घे, हे कापणं तू घरी कर, वर्गात नको. मग मुलांच्या हातात कात्री दे आणि सांग की आपल्याला ‘रस्ता’ करायचाय, स ला अर्धा करा. स ची उजवीकडची उभी दांडी कापली की उरतो तो अर्धा स, तो त ला चिकटवला की झालं. मूल एकदा स्वतःच्या हाताने दांडी कापतं ना, की ‘पुस्तक’ मधला स त्याला पुन्हा समजवावा लागत नाही. ‘गोष्ट’ साठी ष कापतात, ‘म्हातारी’ साठी म कापतात, मग कोणीतरी क घेतं आणि थांबतं कारण क ची दांडी मधे असते, ती कापली तर क च राहत नाही, मग उजवीकडचं हुकासारखं वळण थोडं कापायचं. फ चंही तसंच. हे मी सांगितलेलं नाही, पोरांनी शोधलं.

आता तू घेतेस तो रविवारचा मराठी मुलांचा वर्ग मी घ्यायचे, तेव्हाचं एक सांगते. ‘खड्डा’ करायचा होता. सात वर्षांचा मुलगा, ड हातात धरून उलटा केला, सुलटा केला, कात्री उघडून बसला आणि शेवटी म्हणाला, “मॅम, इसमें तो डंडा ही नहीं है.” (आपल्या इंदुरातली मराठी पोरं अशीच बोलतात, त्यावर रागवू नकोस, विचार कुठल्या भाषेत होतोय ते महत्त्वाचं नाही, विचार होतोय ना.) मी काहीच बोलले नाही. त्याने इकडे तिकडे बघितलं, मग दुसरा ड उचलला आणि पहिल्याच्या खाली लटकवला. जुन्या पुस्तकांत ड ला ड असाच खाली जोडलेला असतो, त्याला कोणी दाखवला नव्हता. मग मी फळ्यावर तो लिहून दाखवला, शेजारी ड चा पाय मोडूनही दाखवला, आणि सगळ्या वर्गाने बिनदांडीची अक्षरं शोधली, ट, ठ, ड, ढ, द, ह. त्या दिवशी ‘लठ्ठ’ आणि ‘अड्डा’ मी शिकवलेच नाहीत, त्यांनी आपले आपण केले.

काना-वेलांटीसाठी कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे घे. चिमट्यावर काना, मात्रा, वेलांट्या, उकार चिकटव आणि अक्षराच्या कार्डाला लावायला दे. पहिली वेलांटी ऐकू येते अक्षराच्या नंतर पण बसते आधी, याचा गोंधळ किती मुलांच्या डोक्यात असतो आपल्याला कळतही नाही. चिमटा हाताने डावीकडे लावला की तो गोंधळ बाहेर दिसतो, आणि दिसला की सुटतो. ळ मात्र रविवारच्या मुलांकडून चिकणमातीचाच करून घे. घरी बाळ, केळं, सकाळ असं सगळं बोलतात आणि लिहिताना ‘बाल’, कारण शाळेच्या हिंदी पुस्तकात त्यांना ळ भेटतच नाही. ल आणि श सुद्धा मराठी पुस्तकात वेगळे दिसतात, ते दोन्ही प्रकार शेजारी ठेवून हात फिरवू दे.

पण अक्षरांवर थांबू नकोस, खरा मजकूर पुढे आहे. कागदाची होडी सगळ्यांना येते ना, मग एकाला सांग की होडी कशी करायची ते चिठ्ठीवर लिही आणि जोडीदाराने फक्त चिठ्ठी वाचून करायची, बोलायचं नाही. एका मुलीने लिहिलं, ‘कागद दुमड’. जोडीदाराने तिरपा दुमडला. ती ओरडली, असा नाही, मी म्हटलं तोंडाने नको, लिही. तिने ‘आडवा’ वाढवलं. त्याने कागदच आडवा फिरवला. मग ती गप्प बसली, पेन्सिल चावली, आणि लिहिलं, ‘वरची कड खालच्या कडेला लाव आणि बोटाने दाब’. बघ, हे वाक्य तिने आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं, कुठल्याही निबंधात तिला इतके शब्द सुचले नव्हते, आणि खोडून पुन्हा लिहिण्याचा कंटाळा अजिबात नाही कारण होडी होत नव्हती! पुनर्लेखन शिकवायला आपण लाल पेन वापरतो, इथे ते काम दुसऱ्याच्या हातातल्या कागदाने केलं.

आणि दिवाळीत किल्ला कर. आपल्याकडे मराठी घरांत अजून करतात, विटा, गोणपाट, माती, वर मोहरी नाहीतर अळीव पेरायचा. किल्ला वर्गाच्या दाराशी कर आणि सांग की बघायला येणाऱ्याला तुम्ही काही सांगायचं नाही, पाट्यांनीच सगळं कळलं पाहिजे. महादरवाजा, विहीर, कोठार, तोफ, वर जायची वाट, ‘इथे पाय ठेवू नका’. एका मुलीची ‘तोफ’ ही पाटी ओल्या मातीने फुगली आणि शाई पसरली, तिने पुन्हा लिहिली, पुन्हा तेच झालं, तिसऱ्यांदा दुधाच्या पिशवीचा प्लास्टिकचा तुकडा वरून चिकटवून आणला. त्याआधी ती वहीत स्वतःचं नाव सोडून काही लिहीत नव्हती. तुझ्या शाळेतल्या हिंदीच्या वर्गात हेच संजाच्या दिवसांत जमेल, पितृपक्षात माळव्यातल्या मुली भिंतीवर शेणाची आणि फुलांची संजा काढतात, रोज वेगळी आकृती आणि शेवटी किलाकोट म्हणजे किल्ल्याची मोठी आकृती, आता शहरात कमी झालंय पण आजीला विचारून या म्हटलं की मुलं नावं लिहून आणतात.

गोष्टीलाही जोडता येतं. म्हातारी आणि भोपळा वाचून झाली की म्हण, म्हातारीसाठी गडगडणारा भोपळा करा ज्यात ती बाहेरून दिसणार नाही. वाटेत कोण भेटलं, कोणाची उंची किती, आतून बघायला भोक ठेवायचं की नाही, यासाठी मुलं गोष्ट पुन्हा उघडतात. मात्र तुझा नमुना आधी दाखवू नकोस, दाखवलास की अडतीस नमुने होतील.

हेडमॅडमना सांगायला काही हवं असेल तर शांतपणे सांग की १९०७ मध्ये रोममध्ये माँटेसोरीबाईंनी खरखरीत कागदाची अक्षरं आणि हलवता येणारी सुटी अक्षरं मुलांच्या हातात दिली होती, आणि आपल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत बालवाडी काढली तेव्हा महाग साहित्याऐवजी शंख, गारगोट्या, पानं, बिया घेतल्या. आपल्याच मध्य प्रदेशात होशंगाबादला १९७२ ते २००२ या काळात सरकारी शाळांतली मुलं हाताने प्रयोग करून विज्ञान शिकली. आणि केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान २०२१ पासून आहेच, तिसरीपर्यंत मुलाने समजून वाचावं आणि त्याला साधं गणित यावं असंच तर त्यात म्हटलंय, तू त्याच्या बाहेरचं काही करत नाहीयेस.

पण एक कबूल कर, याने रोजचं वाचन सुटता कामा नये. ज्याला अक्षर-आवाज जुळत नाही त्याला रोज पंधरा मिनिटं तुझ्याजवळ बसवून वाचून घे, रोज एक गोष्ट मोठ्याने वाचून दाखव, बनवणं आठवड्यातून दोनदाच ठेव. गोंगाट होईल, चालेल. कात्र्या बोथट टोकाच्या, चौघांत एक, म्हणजे आपोआप बोलावं लागतं. आणि चिठ्ठ्या टाकू नकोस गं, पहिली आणि शेवटची चिठ्ठी तारीख घालून एकत्र टाचून ठेव, पालकसभेत फुलपाखरांच्या भिंतीपेक्षा ती दोन कागदांची जोडी आईच्या हातात दे.

साहित्यासाठी पैसे घालवू नकोस. खजुरी बाजारातून फेविकॉल आणि टाचण्या आण, बाकी सगळं सुक्या कचऱ्यात असतं, कॉलनीत सांगून ठेव की गाडी यायच्या आधी खोकी आणि लग्नपत्रिका तुला द्यायच्या. माझ्याकडे गॅलरीत आत्ताच सात-आठ खोकी साठलीत. शनिवारी संध्याकाळी ये, दोघी मिळून अक्षरं कापू, पोहे मी करते.

तुझी,
मावशी