जगातल्या बातम्या रोज ऐकतो, तरी डोक्यात काही राहत नाही. नेमकं कसं ऐकावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोथरूड ते हिंजवडी बसने जाता-येता दोनेक तास मिळतात, त्यात चार-पाच बातम्यांचे पॉडकास्ट ऐकता. तीन महिने झाले, पण ‘हे हूती कोण आणि जहाजांवर हल्ले का करत होते’ असं कोणी विचारलं की त-त-प-प होतं.

आधी चारातले तीन बंद करा. वेगवेगळ्या बातमीपत्रांत बराचसा माल एकच असतो, कारण तो रॉयटर्स, एपी, एएफपी अशा मोजक्या वृत्तसंस्थांकडून येतो. तीच गोष्ट तीन आवाजांत ऐकली की ती कळल्याचा भास होतो, बाकी काही नाही.

खरी अडचण वेगळी आहे. रोजचं बातमीपत्र फक्त कालच्यापेक्षा आज काय बदललं ते सांगतं. मूळ गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे असं ते धरून चालतं. म्हणजे कीर्तनाला थेट उत्तररंगात जाऊन बसल्यासारखं होतं. आख्यान रंगलेलं असतं, पण पूर्वरंगातलं निरूपण चुकलेलं असतं. असे शंभर उत्तररंग ऐकले तरी पूर्वरंग भरून निघत नाही. तो वेगळा बसून ऐकावा लागतो, आणि एका विषयाला तो एकदाच लागतो.

म्हणून वाटणी अशी करा. सकाळी जाताना एकच बातमीपत्र. इंग्रजी जमत असेल तर बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसचा ग्लोबल न्यूज पॉडकास्ट घ्या. तो साधारण अर्ध्या तासाचा असतो. सोमवार ते शुक्रवार त्याच्या रोज दोन आवृत्त्या निघतात, त्यातली एकच ऐका. अर्धा तास जड जात असेल तर रॉयटर्स वर्ल्ड न्यूज दहा-पंधरा मिनिटांत आटोपतं. येताना मराठीत एक उलगडा करून सांगणारा भाग लावा. बीबीसी मराठीचे ‘सोपी गोष्ट’ आणि ‘गोष्ट दुनियेची’ हे दोन्ही याच कामाचे आहेत, आणि त्यांचे जुने भागसुद्धा चालतात. महाराष्ट्रातल्या बातम्यांसाठी आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या पुरेत, त्या न्यूज ऑन एअर अ‍ॅपवर मिळतात. चर्चेचे कार्यक्रम मात्र सोडाच. चार जण एकमेकांवर ओरडतात त्यातून मतं मिळतात, माहिती नाही.

पूर्वरंगासाठी रविवारी वीस मिनिटं काढा. त्या आठवड्यात तीनदा कानावर आलेला एकच विषय घ्या, आणि हे काम नकाशा उघडल्याशिवाय करू नका. ऐकण्यात हीच मोठी उणीव आहे: कानाला नकाशा दिसत नाही.

तुमच्या हूतींचंच घ्या. न्हावाशेवा बंदरावर बोट ठेवा आणि युरोपात जाणारं जहाज पुढे न्या: अरबी समुद्र, एडनचं आखात, मग बाब-अल-मांडेबची चिंचोळी सामुद्रधुनी, तांबडा समुद्र, सुएझ कालवा, भूमध्य समुद्र, रॉटरडॅम. आता बाब-अल-मांडेबच्या उजव्या हाताला बघा. तिथे येमेन आहे, आणि त्याचा तांबड्या समुद्राकडचा बराच किनारा हूतींच्या ताब्यात आहे. हूती म्हणजे इराणच्या पाठबळावरचा येमेनमधला सशस्त्र गट. गाझातलं युद्ध सुरू झाल्यावर, इस्रायलवर दबाव म्हणून, त्यांनी १९ नोव्हेंबर २०२३ ला ‘गॅलेक्सी लीडर’ हे जहाज पकडलं आणि पुढे इतर जहाजांवर क्षेपणास्त्रं, ड्रोन सोडले. डिसेंबरात मोठ्या कंपन्यांनी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून न्यायला सुरुवात केली. साधारण दहा ते चौदा दिवसांचा हा जादा प्रवास. जानेवारीपासून आपला द्राक्षनिर्यातीचा हंगाम, म्हणजे नाशिकचा आणि नारायणगाव-जुन्नरचा माल शीतकंटेनरमध्ये दोन आठवडे जास्त अडकणार आणि भाडंही वाढणार. एवढं एकदा बोटाने फिरवलं की पुढे ‘रेड सी’ हा शब्द आला तरी मागचं सगळं आपोआप उभं राहतं.

कानाने ऐकताना आणखी तीन ठिकाणी घात होतो.

पहिला नावांचा. जॉर्जिया हा देशही आहे आणि अमेरिकेतलं राज्यही. निवडणुकीच्या बातमीत दोन्ही येतात. काँगो दोन आहेत, म्हणून किन्शासा ऐकू येतंय की ब्राझाव्हिल याकडे लक्ष ठेवा. ‘नीझेर’ म्हणजे नायजर, नायजेरिया नव्हे. आणि ‘क्रेमलिन म्हणतं’, ‘डाउनिंग स्ट्रीटने नाकारलं’ यात इमारत बोलत नसते, अनुक्रमे रशियाचं आणि ब्रिटनचं सरकार बोलत असतं.

दुसरा आकड्यांचा. मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे शंभर कोटी, ट्रिलियन म्हणजे लाख कोटी. मनात लगेच बदलायची सवय लागली नाही तर आकडा वाऱ्यावर जातो. व्याजदरात २५ बेसिस पॉइंट म्हणजे पाव टक्का. तेलाचं एक पिंप सुमारे १५९ लिटरचं. होर्मुझच्या सामुद्रधुनीतून २०२४ मध्ये दिवसाला सुमारे २० मिलियन, म्हणजे दोन कोटी पिंपं जात होती. जगाच्या वापराचा जवळपास पाचवा हिस्सा. आता ‘होर्मुझ’ म्हटल्याबरोबर पेट्रोलच्या भावाची चर्चा का सुरू होते ते कळेल.

तिसरा घात सगळ्यात वाईट: अवतरणचिन्ह ऐकू येत नाही. छापील बातमीत कोणाचं विधान आणि कुठली वस्तुस्थिती हे डोळ्यांना दिसतं, कानाला नाही. म्हणून क्रियापद पकडा. ‘सेज’, ‘क्लेम्स’, ‘अकॉर्डिंग टू’, ‘स्वतंत्रपणे पडताळता आलेलं नाही’ यातलं काही आलं की पुढचं वाक्य त्या माणसाचं, बातमीचं नाही.

याचं हिंजवडीला पुरेपूर माहीत असलेलं उदाहरण म्हणजे एच-१बी, अमेरिकेतल्या नोकरीसाठीचा व्हिसा. शुक्रवारी, १९ सप्टेंबर २०२५ ला, ट्रम्प यांनी एक लाख डॉलर शुल्काच्या आदेशावर सही केली. त्याच वेळी वाणिज्यमंत्री लटनिक यांनी हे शुल्क दरवर्षीचं असल्याचं बोलून दाखवलं. अंमल रविवारी वॉशिंग्टनच्या मध्यरात्री १२:०१ पासून, म्हणजे आपल्याकडे सकाळी ९:३१. शनिवारी ज्याने ऐकलं त्याच्या डोक्यात ‘दरवर्षी एक लाख, सगळ्यांना’ बसलं आणि सुट्टीवर आलेली मंडळी विमानाची तिकिटं शोधत सुटली. नंतर व्हाइट हाउसने खुलासा केला: शुल्क एकदाच, फक्त नव्या अर्जांना, आधीच्या व्हिसाधारकांना आणि नूतनीकरणाला नाही. शनिवारच्या निवेदकाने चूक केली नव्हती. मंत्री तसंच बोलले होते. पण ‘मंत्री म्हणाले’ आणि ‘आदेशात लिहिलंय’ यात फरक होता, तो कानातून निसटला. अशा बातमीचं पहिल्या दिवशी फक्त शीर्षक लक्षात ठेवा, तपशील तिसऱ्या दिवशी.

वहीत, किंवा फोनच्या नोंदीत, रोज एकाच बातमीच्या तीन ओळी लिहा: कोणी काय केलं, ते कोण सांगतंय, पुढची तारीख कोणती. तिसरी ओळ टाळू नका. आंतरराष्ट्रीय बातम्यांतल्या कितीतरी गोष्टी ठरलेल्या वेळी होतात. अमेरिकेची मध्यवर्ती बँक, फेडरल रिझर्व्ह, व्याजदर ठरवायला वर्षातून आठ ठरलेल्या बैठका घेते आणि निर्णय तिथल्या दुपारी दोनला येतो. आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेअकरा, हिवाळ्यात साडेबारा. म्हणजे त्या दिवशी संध्याकाळच्या आवृत्तीत नुसते अंदाज असतात. ते ऐकायची गरज नाही, निकाल दुसऱ्या सकाळी येतोच.

याच घड्याळामुळे आणखी एक गोंधळ होतो. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार उलटला की ब्रिटनची घड्याळं तासभर मागे जातात, आणि सात वाजता येणारा भाग आठला येतो. फीड, म्हणजे अ‍ॅपमध्ये नवे भाग आणणारी यादी, बिघडलेलं नसतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी ते पुन्हा जागेवर येतं.

बाकी यंत्राचं थोडक्यात. भाग घरच्या वायफायवर रात्री किंवा निघण्याआधी उतरवून घ्या. १२८ केबीपीएस या ध्वनीच्या दर्जाला मिनिटाला साधारण एक एमबी जातो. वेग १.२५च्या वर नेऊ नका. मागे अरबी किंवा युक्रेनियन आवाज आणि वर इंग्रजी भाषांतर चालू असतं तेव्हा दीडपटीला फक्त गलका उरतो. ‘अकराव्या मिनिटाला ऐक’ असं मित्राला सांगितलं आणि त्याला तिथे भलतंच सापडलं, तर दोष जाहिरातींचा. त्या प्रत्येकाला वेगळ्या लांबीच्या घातल्या जातात, त्यामुळे मिनिटं जुळत नाहीत.

अ‍ॅन्टेनापॉड (फुकट आहे, अँड्रॉइडवर चालतं) किंवा तुमचं जे अ‍ॅप असेल त्यात बातमीपत्राचा फक्त सगळ्यात नवा एक भाग ठेवायची सोय असेल तर ती चालू करा. गावाला जाऊन आलात आणि सहा दिवसांचे भाग साठले असतील तर ते न ऐकता पुसून टाका. त्यातलं जे अजून जिवंत असेल ते उद्याच्या भागात येणारच. उलगड्याचे भाग मात्र पुसू नका, ते सहा महिन्यांनीही कामाला येतात.