४५ अधिक ३८ म्हणजे ४५३८? प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांचे प्रश्न

या वेळच्या प्रश्नांतले बहुतेक स्ट्रिंग (अक्षरांचा मजकूर) आणि व्हेरिएबल (किंमत ठेवायचं नाव) यांभोवती फिरणारे आहेत, म्हणून तेवढेच घेतले आहेत. एक दोन अपवाद सोडले तर उदाहरणं पायथन ३ ची आहेत. प्रिंट, इनपुट, इंट हे शब्द आणि आकडे इथे देवनागरीत छापले आहेत. टाइप करताना ते इंग्रजी लिपीतच करायचे. व्हेरिएबलचं नाव मात्र पायथन ३ मध्ये देवनागरीत खुशाल ठेवता येतं.

प्रश्न : दोन विषयांचे गुण विचारून बेरीज दाखवणारा प्रोग्रॅम लिहिला. ४५ आणि ३८ दिले तर उत्तर ४५३८ येतं. एरर काहीच दाखवत नाही. (बी.सी.ए. प्रथम वर्ष, नांदेड)

इनपुट फंक्शन जे काही परत देतं ती नेहमी स्ट्रिंग असते, म्हणजे नुसती अक्षरं. तुम्ही आकडे टाइप केलेत हे त्याच्या लेखी महत्त्वाचं नाही. दोन आकड्यांमध्ये अधिकचं चिन्ह आलं की बेरीज होते, दोन स्ट्रिंगमध्ये आलं की त्या एकापुढे एक जोडल्या जातात. पायथनने सांगितलेलं काम बरोबर केलं, म्हणून एरर नाही. उपाय असा :

गुण१ = इंट(इनपुट("मराठीचे गुण: "))
गुण२ = इंट(इनपुट("गणिताचे गुण: "))
प्रिंट(गुण१ + गुण२)

हा उपाय ऐकल्यावरही दोन ठिकाणी गाडी अडते. काही जण प्रिंट(इंट(गुण१ + गुण२)) असं लिहितात. तिथे आधी जोडणी होते आणि मग जोडलेल्या ४५३८ चा आकडा होतो, म्हणजे चूक जिथल्या तिथेच. काही जण वेगळ्या ओळीवर नुसतं इंट(गुण१) लिहून पुढे जातात. त्या ओळीत आकडा तयार होतो, पण तो कुठेच ठेवलेला नाही, त्यामुळे गुण१ पूर्वीसारखी स्ट्रिंगच राहते. गुण१ = इंट(गुण१) असं लिहायला हवं.

इंट काय चालवून घेतं हेही पाहून ठेवा. आकड्याच्या मागेपुढे स्पेस असली तर चालते. "४५.५" दिलं की व्हॅल्यूएरर येते, दशांश अपेक्षित असेल तर फ्लोट वापरा. "१,२५,०००" मधले स्वल्पविराम त्याला कळत नाहीत, ते आधी रिप्लेस(",", "") करून काढावे लागतात. काही न लिहिता एंटर दाबलं तरी व्हॅल्यूएररच येते.

शंका आली की प्रिंट(टाइप(गुण१)) ही एक ओळ मध्ये टाका. स्ट्रिंग आहे की आकडा, ते लगेच कळतं.

प्रश्न : फाइलमधून वर्गाचे गुण वाचून मॅक्स लावलं. १०० गुणांचा विद्यार्थी असताना सर्वाधिक गुण ९ दाखवतं. (शिक्षिका, सातारा)

वरचीच चूक, पण जास्त घातक, कारण ४५३८ हे उत्तर चुकीचं आहे हे निदान दिसतं तरी. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी तोडलेल्या नोंदींची साधी फाइल) वाचल्यावरही हाती स्ट्रिंगच येतात. स्ट्रिंगची तुलना शब्दकोशाच्या क्रमाने, डावीकडून एकेक अक्षर बघत होते. "९" आणि "१००" यांच्यात पहिल्याच अक्षराला ९ हा १ पेक्षा मोठा ठरतो आणि तुलना तिथेच संपते. चढता क्रम लावला तर "१००", "८५", "९" असा लागेल. सगळे गुण दोन अंकी असतील तोवर हा प्रोग्रॅम बिनचूक चालेल आणि पहिला शंभर किंवा पहिला एक अंकी गुण आला की फसेल. चाचणी घेताना ९, ८५ आणि १०० हे तिन्ही आकडे मुद्दाम घाला. फाइल वाचतानाच प्रत्येक गुण इंटमधून काढणं सर्वांत चांगलं; ते जमण्यासारखं नसेल तर मॅक्स(गुण, की=इंट) लिहा.

प्रश्न : पुण्याचा एसटीडी कोड ०२० व्हेरिएबलमध्ये ठेवता येत नाही. जावा शिकणाऱ्या मैत्रिणीकडे तो १६ होतो! (पुणे)

पायथन ३ मध्ये शून्याने सुरू होणारा असा आकडा लिहिला की सिंटॅक्सएरर येते. सी आणि जावामध्ये सुरुवातीच्या शून्याचा अर्थ "पुढचा आकडा अष्टमान पद्धतीचा आहे" असा होतो. म्हणून ०२० चे १६ होतात आणि मुंबईच्या ०२२ चे १८. इंट("०२०") केलंत तर एरर येणार नाही, पण शून्य जाऊन २० उरतील.

तेव्हा "०२०" असं अवतरणचिन्हांत ठेवा. ज्यांची कधी बेरीज किंवा सरासरी काढायची नाही, ते आकडे दिसले तरी आकडे नव्हेत : मोबाइल नंबर, पिनकोड, आधार, हजेरी क्रमांक. हजेरी क्रमांक सगळीकडे तीन अंकी दिसायला हवा असेल तर "७".झेडफिल(३) हे "००७" देतं.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर आलेला कोड जसाच्या तसा चिकटवला तरी "इन्व्हॅलिड कॅरेक्टर" येतं. (बारामती)

अवतरणचिन्हं पाहा. वर्ड आणि काही ॲप सरळ चिन्हांच्या जागी वळणदार “ ” घालतात. पायथनला फक्त सरळ चिन्हं कळतात. ती खोडून कीबोर्डवरून पुन्हा टाइप करा. कोड पाठवायचा असेल तर .पीवाय फाइलच पाठवा. त्यात ओळींच्या सुरुवातीच्या स्पेसही शाबूत राहतात.

प्रश्न : दर = ५०, मग एकूण = दर * ३. खाली दर = ६० केला तरी एकूण १५०च का? (दुकानदार, लातूर)

तुमचा हात एक्सेलवर बसलेला दिसतो. तिथे सेलमध्ये सूत्र राहतं आणि दर बदलला की उत्तर आपोआप बदलतं. पायथनमध्ये ती ओळ चालली त्या क्षणी गुणाकार झाला आणि एकूणमध्ये फक्त १५० हे उत्तर राहिलं. ते कशावरून आलं याची नोंद कुठेही नाही. दर बदलल्यावर एकूण = दर * ३ ही ओळ पुन्हा चालवावी लागते. वारंवार लागणार असेल तर हिशेब फंक्शनमध्ये ठेवा आणि दर त्याला दरवेळी द्या.

प्रश्न : नाव.स्ट्रिप() लिहूनही नावामागची स्पेस जात नाही. (कोल्हापूर)

स्ट्रिंग जागच्या जागी कधीच बदलत नाही. स्ट्रिप, रिप्लेस, अपर ही सगळी फंक्शनं नवी स्ट्रिंग तयार करून परत देतात. ती धरून ठेवली नाहीत तर ती वाया जाते आणि जुनी तशीच राहते. नाव = नाव.स्ट्रिप() असं लिहा. लिस्टचं सॉर्ट याच्या बरोबर उलट वागतं. ते लिस्टच बदलतं आणि परत नन, म्हणजे "काहीच नाही", देतं. म्हणून गुण = गुण.सॉर्ट() लिहिणाऱ्याची सगळी लिस्ट हातची जाते.

प्रश्न : इफ शहर == "पुणे" ऑर "नाशिक": असं लिहिलं. कुठलंही शहर दिलं तरी अट खरीच ठरते. (धुळे)

बोलताना आपण "शहर पुणे किंवा नाशिक असेल तर" म्हणतो, म्हणून हे वाक्य बरोबर वाटतं. पायथन त्याचे दोन तुकडे करतो : एक, शहर == "पुणे"; दोन, नुसतं "नाशिक". रिकामी नसलेली कोणतीही स्ट्रिंग खरी मानली जाते, म्हणून दुसरा तुकडा कायम खरा. असं लिहा :

इफ शहर इन ("पुणे", "नाशिक"):

पुढे यादीत एकच शहर उरलं की नवी खोच निघते. ("पुणे") याला पायथन यादी समजत नाही, ती नुसती स्ट्रिंग असते. मग "पु" दिलं तरी अट खरी ठरते, कारण "पु" हा "पुणे"चा तुकडा आहे. इतकंच काय, काही न लिहिता एंटर दाबलं तरी खरी. स्वल्पविराम देऊन ("पुणे",) असं लिहा किंवा सरळ चौकटी कंस वापरा.

नकारातही सांभाळा. शहर != "पुणे" ऑर शहर != "नाशिक" हे कायम खरं असतं, कारण एक शहर एकाच वेळी दोन्ही असू शकत नाही. तिथे अँड हवं किंवा नॉट इन.

प्रश्न : यादीत "कऱ्हाड" आहे, वापरणाऱ्यानेही "कऱ्हाड"च लिहिलं, तरी दोन्ही सारखे नाहीत असं उत्तर येतं. (कऱ्हाड)

मराठी मजकूर हाताळणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी भेटतं आणि इंग्रजी उदाहरणांवर शिकलेल्याला त्याचा पत्ताच नसतो, म्हणून जरा सविस्तर. ऱ्ह हे जोडाक्षर दोन प्रकारे टाइप होतं. एक : ऱ, हलन्त, ह. दुसरा : साधा र, हलन्त, मग झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं जोडचिन्ह, मग ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. लांबी मोजणारं लेन लावून पाहा : पहिल्याची लांबी ६ येते, दुसऱ्याची ७. दिसायला अक्षरं तीनच, पण हलन्त आणि काना हेही वेगवेगळे मोजले जातात.

अशा वेळी प्रिंट(गाव) करून काही हाती लागत नाही. प्रिंट(रेप्र(गाव)) करा, रेप्रचं स्पेलिंग आर, ई, पी, आर. न दिसणारं चिन्ह त्यात बॅकस्लॅश, यू आणि २००डी अशा रूपात उघडं पडतं. शेवटची स्पेस किंवा नव्या ओळीचं चिन्हही तिथे दिसतं. मग तुलनेआधी दोन्ही बाजूंवर तोच संस्कार करा : साधा र, हलन्त आणि ते चिन्ह हा तिघांचा गट सापडला की त्याजागी ऱ आणि हलन्त घाला. गोऱ्हे, कुऱ्हाडे, वऱ्हाडे अशी आडनावं असलेल्या कुठल्याही यादीत हे लागतंच. ऱ हा र आणि खालचा नुक्ता असाही टाइप झालेला असू शकतो. त्यासाठी युनिकोडडेटा मॉड्यूलमधलं नॉर्मलाइझ "एनएफसी" पर्यायासह वापरा. झेडडब्ल्यूजे मात्र ते काढत नाही.

व्हेरिएबलच्या नावात हे चिन्ह चालतच नाही. तिथे ऱ वापरा.

प्रश्न : उलटसुलट सारखा शब्द ओळखणारा प्रोग्रॅम "सरस"ला हो म्हणतो, "नवजीवन"ला नाही. (अकरावी, ठाणे)

तुमचा तर्क बरोबर आहे, अडचण वेलांटीची आहे. "नवजीवन" पायथनला न, व, ज, वेलांटी, व, न असा दिसतो. उलटवल्यावर वेलांटी ज च्या आधी येते आणि व ला चिकटते, उत्तर "नवीजवन". अक्षर मात्रेसकट एक धरायचं असेल तर रेजेक्स हे मॉड्यूल पिपने (पायथनची जादा मॉड्यूल बसवणाऱ्या साधनाने) बसवा (पायथनसोबत येणारं आरई हे नव्हे) आणि त्यातल्या फाइंडऑलला बॅकस्लॅश आणि कॅपिटल एक्स हा नमुना द्या. न, व, जी, व, न अशी लिस्ट मिळते. ती उलटवून मूळ लिस्टशी ताडून पाहा.

प्रश्न : सकाळी चालणारा एसटीआर(५) दुपारी "नॉट कॉलेबल" म्हणू लागला. (छत्रपती संभाजीनगर)

मधल्या वेळात कुठेतरी एसटीआर = "..." असं लिहिलं गेलं आहे. त्या नावाचं मूळ फंक्शन त्यामागे झाकलं गेलं. नोटबुकमध्ये (कोड तुकड्या-तुकड्याने चालवता येणाऱ्या पानावर) ती ओळ खोडूनही उपयोग नाही, नाव आठवणीत राहतं. डेल एसटीआर चालवा किंवा रनटाइम पुन्हा सुरू करा. लिस्ट, मॅक्स, सम, इनपुट ही नावंही व्हेरिएबलला देऊ नका. फाइललाही रँडम किंवा स्ट्रिंग असं नाव नको. इम्पोर्ट करताना खऱ्या मॉड्यूलऐवजी तुमचीच फाइल उचलली जाते.

प्रश्न : सी मध्ये कॅर शहर[६] घेतलं आणि स्कॅनएफने इंग्रजीत नागपूर वाचलं. कधी चालतं, कधी कचरा छापतं. (पदविका, नागपूर)

इंग्रजी स्पेलिंगची सहा अक्षरं आणि स्ट्रिंग संपल्याचं सांगणारा शून्य बाइट, म्हणजे सात जागा हव्यात. सातवा बाइट शेजारच्या जागेत लिहिला जातो. तिथे काय आहे त्यावर चालणं न चालणं ठरतं, म्हणून "कधी कधी". शहराच्या नावाला ५० जागा घ्या. देवनागरीत वाचणार असाल तर यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक चिन्हाला ३ बाइट धरा : "नागपूर" १८ बाइट, शेवटचा धरून १९.

स्कॅनएफचं टक्का-एस पहिल्या स्पेसला थांबतं, म्हणून नवी मुंबईतलं फक्त नवी येईल. एफगेट्स वापरा. ते शेवटचं नव्या ओळीचं चिन्हही आत घेतं, ते काढलं नाही तर तुलना फसते. त्याआधी स्कॅनएफने आकडा वाचला असेल तर मागे राहिलेलं एंटर एफगेट्स उचलतं आणि नाव रिकामं येतं. मध्ये ते एंटर वाचून टाका. तुलना == ने करू नका, ती फक्त मेमरीतले पत्ते पाहते. एसटीआरसीएमपी वापरा आणि ते शून्य परत देईल तेव्हाच दोन्ही स्ट्रिंग सारख्या समजा.