गिटारच्या फ्रेटबोर्डवरचे (तारांखालच्या लाकडी पट्टीवरचे) गोल ठिपके घरी बनवता येतात का?

येतात, आणि सोपं आहे. पहिल्यांदा करत असाल तर शिंपल्याच्या ठिपक्यांच्या नादी लागू नका, पितळेची ६ मिमीची सळई घ्या. हार्डवेअरच्या दुकानात मिळते. हॅकसॉने दोन-दोन मिमीच्या चकत्या कापायच्या, कानशीने कडा साफ करायच्या, झालं. फ्रेटबोर्डच्या कडेवरच्या छोट्या ठिपक्यांना २ मिमीची प्लास्टिकची विणकामाची सुई चालते.

खरी परीक्षा भोकाची. साधं ड्रिल बिट लाकडावर घसरतं आणि ठिपका मधोमध न बसता एका बाजूला सरकतो. मग तो आयुष्यभर डोळ्यांत खुपतो. मधोमध टोक असलेलं लाकडाचं बिट वापरा, आधी मास्किंग टेप लावून मध्य आखा आणि टोच्याने खूण करा. खोली दीड मिमी पुरे, ठिपका किंचित वर राहिला पाहिजे. शिसवीचा बारीक भुसा आणि सुपर ग्लू घातला की फट दिसतही नाही.

नंतर फ्रेटबोर्डच्या गोलाईचा ठोकळा घेऊन पॉलिश पेपर मारा. हे सगळं फ्रेट (पट्टीवरच्या धातूच्या आडव्या तारा) ठोकायच्या आधी, बरं का. पितळ घासताना तापतं आणि गोंद सुटतो, तेव्हा दमाने. पितळेचा कीस फिकट लाकडाच्या छिद्रांत शिरून काळपट डाग पडतात, म्हणून मेपलवर मी पितळ टाळतो.

शिंपलाच हवा असेल तर तो ओला ठेवून घासा आणि मास्क लावा. ती धूळ फुप्फुसांना वाईट.

जागा नेहमीच्याच, फ्रेटच्या क्रमांकाने: ३, ५, ७, ९ वर एकेक, १२ वर दोन, मग १५, १७, १९, २१ वर पुन्हा एकेक.