इनडोअर कोर्टची लाकडी जमीन: तुमचे प्रश्न

खेळाच्या हॉलमधली लाकडी जमीन घासणं आणि तिला पुन्हा पॉलिश चढवणं, हे काम मी बत्तीस वर्षं करतो आहे. गेल्या अंकात मी वाचकांना आपापल्या हॉलच्या अडचणी कळवायला सांगितलं होतं. पत्रं बरीच आली, त्यांतली सात इथे घेतली आहेत. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. जिथे लाकूड कायमचं वाया जाण्याची भीती दिसली, तिथे मी जास्त लिहिलं आहे.

सुट्टीत आमच्या शाळेच्या कोर्टवर पीयूचा (पॉलियुरेथेन पॉलिशचा) नवा कोट मारला. दोन महिन्यांत बास्केटखाली त्याचे पापुद्रे सुटायला लागले. काम करणारे म्हणतात, लाकूडच जुनं झालंय, ते कोट धरत नाही. असं असतं का? – एक क्रीडाशिक्षिका

बाई, सुटलेला एक पापुद्रा उचला आणि उलटा करून उजेडात बघा. त्याची खालची बाजू काचेसारखी गुळगुळीत असेल आणि जमिनीवर जुना कोट चकाकताना दिसत असेल, तर यात लाकडाचा काही दोष नाही. नव्या कोटने जुन्याला धरलंच नाही. लाकूड कमजोर असतं तर पापुद्र्याला त्याचे तंतू चिकटून आले असते. सुटायला सुरुवात बास्केटखाली झाली, कारण तिथे खेळाडू सगळ्यात जास्त गिरक्या घेतात. बाकी कोर्टवरही पकड तशीच कच्ची असणार.

कारण बहुतेक वेळा दोनांपैकी एक असतं. जुना कोट नीट खरवडलेला नसतो, नाहीतर त्यावर काहीतरी तेलकट बसलेलं असतं. रोज हॉल पुसणाऱ्या मावशींना विचारा की मॉपला काय लावतात. धूळ धरावी म्हणून मॉपवर मारलेलं तेल, फर्निचर चकाकवणारा सिलिकॉनचा स्प्रे, मेण, पुरतं न निघालेलं साबणाचं पाणी, यांतलं काहीही पुरेसं आहे. सिलिकॉन तर इतकं चिवट की त्याच्या एका थेंबाभोवती ओला कोट गोल मागे सरतो आणि माशाच्या डोळ्यासारखा खड्डा राहतो.

पुढच्या वेळी क्रम असा ठेवा. आधी धुणं, मग खरवडणं. उलटं केलंत तर मशीन तो तेलकटपणा ओरखड्यांत भरून ठेवतं. ज्या कंपनीचा कोट मारणार, तिनेच सांगितलेलं क्लीनर वापरून दोनदा साफ करा, पाणी साचू देऊ नका, लगेच उचला. जमीन पूर्ण वाळली की बफरला, म्हणजे गोल फिरणाऱ्या घासायच्या मशीनला, 120 किंवा 150 नंबरची घासायची जाळी लावून ते सगळ्या कोर्टवर फिरवा (नंबर जितका मोठा तितकी घासणी बारीक). नंतर दिवे बंद करून टॉर्च जमिनीला टेकवून धरा. जिथे चमक उरली असेल तिथे जाळी पोचलेली नाही. अशा खोलगट जागा हाताने, खरखरीत पॅडने घासायच्या. मग व्हॅक्यूम आणि शेवटी जरा दमट केलेलं मायक्रोफायबर कापड.

आणि एवढं झालं तरी सगळं कोर्ट एकदम रंगवू नका. बास्केटखाली, दारापाशी आणि एका कोपऱ्यात फूटभर चौकोनात कोट मारा. डब्यावर लिहिलेला वेळ पुरता वाळू द्या. मग ब्लेडने बारीक फुल्या मारून त्यावर चिकटपट्टी दाबा आणि झटक्यात ओढा. पट्टी कोरी आली तरच पुढे जा. ही चाचणी मी आजही प्रत्येक कामात करतो.

तुमचा आत्ताचा सुटणारा थर मात्र काढावाच लागेल. तो बफरने निघाला तर उत्तम. सगळीकडे घट्ट-सैल असा मिश्र असेल, तर पूर्ण घासण्यावाचून इलाज नाही. मॉपला काय लावलं जातं हे शोधल्याशिवाय मात्र ते काम सुरू करू देऊ नका.

दर उन्हाळी सुट्टीत पूर्ण सँडिंग (मशीनने लाकडापर्यंत घासणं) करून घ्यावं असं आमच्या समितीत ठरतंय. योग्य आहे का? – एका क्रीडा मंडळाचे चिटणीस

नाही. कळकळीने सांगतो, तो ठराव थांबवा.

पट्ट्या एकमेकींत नर-मादी जोडाने बसवलेल्या असतात, म्हणजे एकीच्या कडेची जीभ दुसरीच्या खाचेत, आणि खिळे त्या जिभेतूनच मारलेले असतात. वीस मिलिमीटर जाडीच्या मेपलच्या पट्टीतही जिभेच्या वर साधारण सहा-सात मिलिमीटर लाकूड असतं. तेच तुमचं भांडवल. एका पूर्ण सँडिंगमध्ये त्यातला अर्धा ते एक मिलिमीटर जातो. खिळ्यांची डोकी दिसायला लागली की ती जमीन पुन्हा घासता येत नाही, बदलावीच लागते.

दर वर्षी करायचं ते वरचं जाळी-घासणं आणि एक-दोन कोट, ज्यात लाकडाला मशीन लागतच नाही. पूर्ण सँडिंग साधारण दहा वर्षांतून एकदा. किती लाकूड उरलंय ते बघायचं असेल तर व्हॉलीबॉलचे खांब बसवायच्या खाचांची झाकणं उघडा, तिथे पट्टीची कापलेली कड मोजता येते. सँडिंगची वेळ आली का, हे पाण्याच्या थेंबाने कळतं. थेंब वर टिकला तर कोट शाबूत आहे. लाकडात शिरून डाग काळसर पडला आणि तसं बऱ्याच भागात होत असेल, तर मशीन आणा.

छप्पर गळून कोर्टचा एक कोपरा भिजला. पट्ट्यांच्या कडा वर आल्यात, चालताना पायाला जाणवतात. पंधरा दिवसांनी स्पर्धा आहे. तेवढा भाग घासून सपाट करून घेऊ का? – हॉलचे व्यवस्थापक

साहेब, घासू नका. स्पर्धा दुसऱ्या हॉलमध्ये न्या, नाहीतर पुढे ढकला.

पट्टीच्या खालच्या बाजूला ओल जास्त आणि वर कमी, असं झालं की खालची बाजू फुगते आणि कडा उचलल्या जातात. पट्टी उथळ पन्हळीसारखी होते. हे लाकूड बिघडलेलं नाही, ओलं आहे. वाळलं की त्यातलं बरंचसं आपोआप खाली बसतं. ओलं असतानाच वर आलेल्या कडा घासल्या तर आत्ता जमीन सपाट दिसेल. पण पुढे खालची बाजू वाळून आकसते, पट्टी मूळ आकारावर येते, आणि कडा तर तुम्ही कापून टाकलेल्या असतात. मधला भाग कासवाच्या पाठीसारखा वर राहतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. कामाला लागून आठ वर्षं झाली होती. एका शाळेचं कोर्ट असंच भिजलं होतं, सामन्यांची तारीख ठरलेली होती आणि मुख्याध्यापक रोज विचारायला येत होते. मी त्यांना 'थांबा' म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. दोन दिवसांत घासून दिलं, सगळ्यांनी कौतुक केलं. चार महिन्यांनी त्यांनी बोलावलं तेव्हा चेंडू टप्पा सोडून भलतीकडे जात होता. पुन्हा घासावं लागलं. दोन सँडिंगचं लाकूड एका वर्षात गेलं, आणि ते माझ्या घाईने गेलं. त्या कोर्टचा तो कोपरा मला अजून आठवतो.

तुम्ही असं करा. गळती आधी बंद करा. पट्ट्यांखाली पाणी साठलंय का ते एखादी पट्टी उचलून बघा. प्लायवूड आणि प्लॅस्टिकच्या थरात पाणी अडकलं तर महिनोन्‌महिने निघत नाही. पंखे आणि हवेतला ओलावा काढणारं यंत्र लावा, पण हीटरचा मारा नको, वरचा थर भराभर सुकून चिरतो. दर आठवड्याला मॉइश्चर मीटरने (लाकडातली ओल मोजणाऱ्या यंत्राने) भिजलेल्या आणि कोरड्या भागाचा आकडा लिहून ठेवा. दोन्ही जुळले आणि पुढचे दोन-तीन आठवडे तसेच राहिले, की मग ठरवा. याला काही आठवडे लागतील, कधी काही महिनेही. त्यानंतर बऱ्याचदा सँडिंगची गरजच उरत नाही.

भिंतीलगत बोटभराहून मोठी फट आहे, त्यात कचरा जातो. सिमेंट किंवा सिलिकॉनने बुजवली तर? – एक पालक

बुजवू नका. दमट हवेत लाकूड रुंदीला फुगतं आणि शंभर-दोनशे पट्ट्यांची वाढ मिळून भिंतीकडे सरकते, म्हणून ही चाळीस-पन्नास मिलिमीटरची जागा मुद्दाम सोडलेली असते. ती बंद झाली तर जमीन मधोमध उचलून येते. वर हवा खेळणारी रबरी पट्टी बसवा, कचरा अडेल. हॉलची आर्द्रता वर्षभर 35 ते 50 टक्क्यांत ठेवता आली, तर फुगणं-आकसणं मुळातच कमी होतं.

घासून झाल्यावर तिरप्या उन्हात जमिनीवर आडवे पट्टे दिसतात. कोट मारल्यावर ते झाकले जातील ना? – नवा कारागीर

झाकले जाणार नाहीत, उठून दिसतील. चकाकी प्रत्येक ओरखडा मोठा करून दाखवते. तुमच्या पत्रात लिहिलंय की 36 नंबरनंतर थेट 80 नंबरचा पेपर लावला. 36 चे खोल ओरखडे 80 ला पेलत नाहीत. 36 किंवा 40, मग 60, मग 80, शेवटी 100, अशी एकही पायरी न गाळता उतरा. ड्रम मशीन चालत असतानाच हळू टेकवायचं आणि चालत असतानाच उचलायचं. एका जागी क्षणभर थांबलं तरी खळगा पडतो. आडव्या लाटांसारखे पट्टे असतील तर पेपर ड्रमवर ताठ बसलाय का आणि चाकांना कचरा चिकटलाय का तेही बघा. कडेचं मशीन आणि मधलं मशीन जिथे मिळतात तो पट्टा शेवटी बफरने एकजीव करा.

रेषा सगळ्यात शेवटी मारल्या तर चालतं का? आणि मापं कडेच्या आतून घ्यायची की बाहेरून? – क्रीडाशिक्षक

शेवटी मारलेली रेषा बुटांनी उडते. सीलरचे, म्हणजे लाकडावरच्या पहिल्या थराचे, कोट वाळले की हलकं घासायचं, मग रेषा, आणि त्यावर फिनिशचे दोन कोट. रंग त्याच फिनिशशी जुळणारा हवा. पातळ थरात मारा, जाड रेषेला कड राहते आणि ती फिनिशखालीही जाणवते. टेपची कड बोटाने नव्हे, पुट्टीच्या पात्याने दाबा, म्हणजे रंग खाली झिरपत नाही.

मापांचा प्रश्न तुम्ही विचारलात ते फार बरं झालं, इथेच चुका होतात. बास्केटबॉलचं 28 बाय 15 मीटर हे सीमारेषेच्या आतल्या कडेपासून मोजतात, रेषा कोर्टात धरत नाहीत. व्हॉलीबॉलचं 18 बाय 9 आणि बॅडमिंटनचं 13.40 बाय 6.10 बाहेरच्या कडेपर्यंत मोजतात, तिथे रेषा कोर्टातच येते. बॅडमिंटनची रेषा 4 सेंटिमीटर रुंद, बाकी दोन्हींची 5. दोरी ताणल्यावर काटकोन बरोबर आहे का ते कर्णावरून तपासा. बास्केटबॉलचा कर्ण 31.76 मीटर, व्हॉलीबॉलचा 20.12, बॅडमिंटन दुहेरीचा 14.72. दोन्ही कर्ण सारखे येईपर्यंत टेप लावू नका.

सँडिंगची धूळ भरलेली पिशवी रात्री मशीनलाच राहू दिली तर काही होतं का? रोज रिकामी करायला वेळ जातो. – मदतनीस

दादा, तुमचं पत्र शेवटी घेतलं, पण सगळ्यात आधी हेच वाचलं. आग लागते. जुन्या फिनिशची बारीक पूड आणि लाकडाची धूळ घट्ट दाबून बसली की तिच्यात आतल्या आत उष्णता साठते. त्यात एखाद्या खिळ्याला पेपर घासून उडालेली ठिणगी दडलेली असली तर ती तासन्‌तास धुमसत राहते आणि सगळे घरी गेल्यावर पेट घेते. पिशवी दर थोड्या वेळाने रिकामी करायची, धूळ इमारतीबाहेर, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, भिंतीपासून लांब ठेवायची.

तेलवाल्या पीयूने भिजलेल्या चिंध्यांचंही तेच. गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर ठिणगीशिवायही पेटतात, कारण तेल सुकताना स्वतः तापतं. त्या पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा.

मास्कही लावा, रुमाल नव्हे, बारीक धूळ अडवणारा. लाकडाची धूळ माणसाला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे. मी पहिली काही वर्षं रुमालावर काढली, त्याचा खोकला अजून आहे.

आज मशीनला पिशवी लटकलेली असेल, तर आधी जाऊन ती रिकामी करा, बाकीची पत्रं नंतर वाचता येतील.